फाटे आणि संगम
एकाच लेखनावर अनेक हात चालतात, तेव्हा त्याचे चित्र कसे काढावे?



एस. टी. ने प्रवास करताना ‘अमक्या फाट्यावर उतरा’ असे आपण नेहमी ऐकतो. फाटा म्हणजे काय? मुख्य रस्ता सरळ पुढे जात असतो आणि त्यातून एक वाट बाजूला निघते. ती गावात शिरते, वळणे घेते आणि कित्येकदा चार मैलांवर पुन्हा मुख्य रस्त्यालाच येऊन मिळते. मला आज ज्या चित्राविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, ते ह्या फाट्याचेच आहे. मात्र हा फाटा रस्त्याला फुटलेला नाही. तो लेखनाला फुटलेला आहे, आणि लेखनही साधे नव्हे, तर संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचे.

संगणकाच्या आज्ञावलीला ‘कोड’ म्हणतात. आपली बँक, रेल्वेचे तिकीट, हातातला मोबाइल, सारे ह्या कोडवर चालते. हा कोड एकटा माणूस क्वचितच लिहितो. दहा, शंभर, कधी हजारो माणसे, निरनिराळ्या देशांत बसून, एकच लेखन एकाच वेळी बदलीत असतात. आता तुम्ही म्हणाल, एका वहीत दोन मुले लिहू लागली तर शाई सांडते, मग इथे गोंधळ कसा होत नाही? गोंधळ होतो, पण तो आवरण्याची एक रीत आहे, आणि ती रीत चित्राने फार लवकर समजते. ते चित्र मी छापून देत नाही. तुम्ही खडू घ्या आणि फळ्यावर काढा. स्वतःच्या हाताने काढलेले चित्र विसरत नाही.

फेरफाराची नोंद

प्रथम एक ओळखीची गोष्ट घेऊ. तलाठ्याच्या दप्तरात सात-बारा असतो. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सात-बारा सांगतो. पण ती त्याच्या नावावर का आली, हे कळायला फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने आली, हे तिथे क्रमांकासह लिहिलेले असते. नुसता सात-बारा म्हणजे आजची स्थिती. फेरफार म्हणजे तिचा इतिहास. तंटा उभा राहिला की वकील आधी फेरफार मागतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

कोड लिहिणाऱ्यांनीही अशीच नोंदवही केली आहे. तिला ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात. आपण तिला आवृत्त्यांचे दप्तर म्हणू. आज सर्वांत अधिक वापरात असलेले असे दप्तर म्हणजे ‘गिट’. त्यातल्या एका नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात: त्या क्षणी सारे लेखन कसे होते, कुणी बदलले, केव्हा व कशासाठी बदलले, आणि ह्या नोंदीच्या आधीची नोंद कोणती. ही चौथी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आपले सारे चित्र तिच्यावर उभे आहे.

आता फळ्यावर एक लहान गोल काढा. त्यात ‘क’ लिहा. ही पहिली नोंद. तिच्या उजवीकडे दुसरा गोल काढून त्यात ‘ख’ लिहा. दोहोंमध्ये रेघ ओढा. पण बाण काढायचा तो ‘ख’ कडून ‘क’ कडे. नवशिक्याला हे उलटे वाटते. काळ पुढे जातो आणि बाण मागे का? कारण मुलाला आपला बाप ठाऊक असतो. बापाला मात्र पुढे किती मुले होणार हे ठाऊक नसते. वंशावळ अशीच सांगितली जाते. म्हणूनच गिटचे चित्र म्हणजे लेखनाची वंशावळ, असे म्हटले तरी चालेल.

एक लहानसा हिशोब

नुसत्या गोलांनी मन भरत नाही. म्हणून उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत पोषण आहाराचा रोजचा तांदूळ काढण्यासाठी तीन ओळींची आज्ञावली आहे. पहिल्या ओळीत पहिली ते पाचवीची हजेरी आणि सहावी ते आठवीची हजेरी घ्यायची. त्यांना ‘लहान’ आणि ‘मोठी’ अशी नावे दिली आहेत. दुसरी ओळ अशी: तांदूळ = (लहान + मोठी) × १००. तिसऱ्या ओळीत उत्तर छापायचे. ही आपली ‘ख’ नोंद.

ह्यात दोन दोष आहेत. एक, नियमाप्रमाणे लहान मुलाला १०० ग्रॅम आणि मोठ्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ हवा. इथे सर्वांना १०० च धरले आहेत. दुसरा दोष, उत्तर ग्रॅममध्ये येते, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना किलो हवे असतात.

गुरुजी पहिला दोष काढायला बसतात. चालू हिशोब बिघडू नये म्हणून ते एक फाटा काढतात. इंग्रजीत ह्याला ‘ब्रँच’ म्हणतात. फळ्यावर ‘ख’ पासून खाली तिरकी रेघ ओढा आणि पुढे ‘ग’ व ‘घ’ असे दोन गोल काढा. ‘ग’ मध्ये गुरुजींनी वर शाळेचे नाव छापणारी ओळ घातली. ‘घ’ मध्ये दुसरी ओळ बदलली: तांदूळ = लहान × १०० + मोठी × १५०.

त्याच दिवशी बाई दुसरा दोष काढतात. त्यांचे काम मुख्य रेघेवरच चालू आहे. ‘ख’ च्या सरळ उजवीकडे ‘च’ हा गोल काढा. त्यात बाईंची ओळ अशी: तांदूळ = (लहान + मोठी) × १०० ÷ १०००.

इथे एक समजूत पक्की करावी. फाटा म्हणजे सगळ्या वहीची नक्कल काढून दुसऱ्या कपाटात ठेवणे नव्हे. गिटमध्ये फाटा म्हणजे शेवटच्या गोलावर टाचलेली नावाची चिठ्ठी, इतकेच. नवा गोल आला की चिठ्ठी त्याच्यावर सरकते. म्हणून फाटा काढायला क्षणभरही लागत नाही. फळ्यावर ‘घ’ वर ‘गुरुजी’ आणि ‘च’ वर ‘मुख्य’ अशा दोन चिठ्ठ्या चिकटवा, म्हणजे मुलांना हे चटकन दिसेल.

संगमाची युक्ती

आता दोन्ही कामे एकत्र करायची. ह्याला ‘मर्ज’ म्हणतात. आपण संगम म्हणू. उजवीकडे ‘छ’ हा गोल काढा. त्याच्याकडून दोन बाण निघतील, एक ‘च’ कडे आणि एक ‘घ’ कडे. संगमाची खूण हीच: ह्या गोलाला दोन वडील असतात.

यंत्र हा संगम कसा करते? पुष्कळांना वाटते की ते दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहते. पण तेवढ्याने भागत नाही. शाळेच्या नावाची ओळ गुरुजींच्या कागदात आहे, बाईंच्या कागदात नाही. मग ती गुरुजींनी नवी घातली, की आधीपासून होती आणि बाईंनी काढून टाकली? दोन कागद कितीही वेळ पाहिले तरी ह्याचे उत्तर मिळणार नाही. उत्तर तिसऱ्या कागदात आहे. दोन्ही वाटा जिथून फुटल्या तो फाटा, म्हणजे ‘ख’, उघडून पाहायचा. ‘ख’ मध्ये ती ओळ नाही. अर्थात ती गुरुजींनी घातली, म्हणून ठेवावी. ती ‘ख’ मध्ये असती, तर बाईंनी काढली असे ठरले असते आणि ती गाळली असती. वाटण्यांच्या भांडणात दोघा चुलतभावांचे म्हणणे ऐकून झाल्यावर शहाणा माणूस आजोबांच्या वेळचा कागद मागतो, तसेच हे आहे. चित्र काढायचे ते ह्यासाठीच. चित्रात मागे मागे चालत गेले की समाईक पूर्वज सापडतो.

पण दुसऱ्या ओळीचे काय? ती दोघांनीही बदलली आहे, आणि वेगवेगळी. इथे यंत्र हात टेकते. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून, खुणा करून ते थांबते आणि म्हणते, तुम्हीच ठरवा. ह्याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. नवशिका ह्या शब्दाला घाबरतो. वास्तविक हा प्रामाणिकपणा आहे. यंत्राला माहीत नाही, तर ते माहीत नाही असे सांगते.

हिशोब करून पाहा. लहान ४०, मोठी २० मुले हजर आहेत. बाईंचीच ओळ ठेवली तर उत्तर ६ येते. गुरुजींचीच ठेवली तर ७००० येते. पहिल्यात मोठ्या मुलांच्या ताटातला एक किलो तांदूळ कमी झाला, आणि दुसऱ्यात किलो की ग्रॅम हा घोळ राहिला. बरोबर ओळ तिसरीच आहे: तांदूळ = (लहान × १०० + मोठी × १५०) ÷ १०००. उत्तर ७ किलो. ती गुरुजींनीही लिहिली नव्हती आणि बाईंनीही नव्हती. दोघांनी एकत्र बसून ती लिहिली. संगम करताना ‘माझे की तुझे’ असा प्रश्न नसतो. दोघांना काय साधायचे होते, हा प्रश्न असतो.

यंत्राला न दिसणारा तंटा

ह्याहून अवघड प्रसंग निराळाच आहे. समजा, दुसऱ्या ओळीचे सारे काम बाईंनीच केले आणि उत्तर किलोत आणले. त्याच वेळी गुरुजींनी आपल्या फाट्यावर शेवटी एक नवी ओळ घातली: शिल्लक = ५० − तांदूळ ÷ १०००. शाळेत ५० किलोचे पोते आहे आणि तांदूळ ग्रॅममध्ये येतो, असे ते धरून चालले होते. ओळी वेगळ्या, जागा वेगळ्या. यंत्र तक्रार न करता संगम करते. आता हिशोब काय येतो? ७ भागिले १०००, म्हणजे ०.००७. शिल्लक ४९.९९३ किलो! सात किलो तांदूळ शिजला, मुले जेवली, आणि कागदावर पोत्यातून सात ग्रॅमच उणे झाले. पोते रिकामे होईल, तरी कागदावर ते भरलेलेच राहील.

यंत्र अक्षरे ताडते, अर्थ ताडीत नाही. म्हणून संगम झाल्यावर दोन गोष्टी कराव्याच लागतात. एक, ठाऊक असलेले उदाहरण घालून उत्तर पडताळून पाहणे. दुसरी, तिसऱ्या माणसाने ते वाचणे. तलाठ्याने लिहिलेली फेरफार नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतो ना, तशी.

चूक जुनी असेल तरी चित्र उपयोगी पडते. समजा, हजार नोंदींपूर्वी हिशोब बरोबर होता आणि आज चुकतो आहे. मधली नोंद तपासा. ती बरोबर निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, चूक निघाली तर मागच्या अर्ध्यात. दर वेळी अर्धे उरते. दहा वेळा तपासले की चुकीची नेमकी नोंद हाती येते, कारण २ चा दहावा घात १०२४ होतो. शिक्षकांनी घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

दोन ओळींची घुसखोरी

आता एक घडलेली हकीकत. ‘लिनक्स’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ही संगणकाची मूळ यंत्रणा आज जगातल्या असंख्य संगणकांत चालते. अँड्रॉइड मोबाइलमध्येही तिचाच गाभा आहे. २००३ मध्ये लिनक्सचे मूळ दप्तर ‘बिटकीपर’ नावाच्या व्यवस्थेत होते, आणि ‘सी. व्ही. एस.’ ह्या जुन्या व्यवस्थेत त्याची एक नक्कल लोकांच्या सोयीसाठी ठेवलेली होती.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कुणीतरी चोरून ह्या नकलेत दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्या तपासणीच्या साध्या ओळी वाटत. कळीची गोष्ट एका चिन्हात होती. लिनक्स ज्या भाषेत लिहितात, तिच्यात दोन बरोबर चिन्हे जोडून लिहिली की ‘हे त्याच्याइतके आहे का?’ असा प्रश्न होतो, आणि एकच चिन्ह लिहिले की ‘हे त्याच्याइतके कर’ अशी आज्ञा होते. त्या ओळीत एकच चिन्ह होते. ‘हा माणूस कारभारी आहे का?’ असे विचारण्याऐवजी ती ओळ म्हणत होती, ‘ह्या माणसाला कारभारी करा!’ ज्याला ही खुबी ठाऊक, त्याच्या हाती सगळा संगणक गेला असता.

हे सापडले कसे? दप्तर सांभाळणाऱ्यांना दिसले की नकलेतल्या ह्या बदलाला मूळ दप्तरात जोडीदार नोंदच नाही. वंशावळीत बाप नसलेला मुलगा उभा होता. एवढ्यावरून संशय आला आणि त्या ओळी मूळ दप्तरात शिरण्यापूर्वीच बाहेर काढल्या गेल्या. डोळ्यांनी वाचून जे निसटले असते, ते नोंदीच्या तुटलेल्या धाग्याने पकडले.

पुढे २००५ मध्ये बिटकीपर फुकट वापरण्याची सवलत बंद झाली. तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये टॉरव्हाल्ड्स ह्यांनी स्वतःच गिट लिहावयास घेतले. गिट थोड्याच दिवसांत स्वतःचाच कोड स्वतःच्या दप्तरात ठेवू लागले. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखरेख जुनिओ हमानो ह्यांच्याकडे आली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला ४० अक्षरांची एक ओळखखूण मिळते. ती लेखनावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणिताने काढलेली असते. मागच्या नोंदीत कुणी एक काना जरी बदलला, तरी तिची खूण बदलते, आणि मग पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. गुपचूप खाडाखोड करायला जागा उरत नाही.

फाटे किती आणि केवढे?

फाटे काढणे सोपे झाले म्हणून कसेही काढावेत असे नाही. २०१० मध्ये नेदरलंडच्या व्हिन्सेंट ड्रिसेन ह्यांनी एक आखीव रीत चित्रासह मांडली. तिच्यात दोन रेघा कायमच्या: एक लोकांच्या वापरात असलेल्या आवृत्तीची, दुसरी चालू कामाची. त्यांतून नव्या कामाचे, प्रकाशनाच्या तयारीचे आणि तातडीच्या दुरुस्तीचे असे तीन जातींचे फाटे निघतात आणि काम झाले की मिटतात. हे चित्र जगभर पसरले. पण दहा वर्षांनी, २०२० मध्ये, खुद्द ड्रिसेन ह्यांनीच लिहिले की जिथे सुधारणा रोजच्या रोज लोकांपर्यंत जाते, तिथे ह्याहून साधी रीत बरी. साधी रीत म्हणजे एकच मुख्य रेघ, आणि एकदोन दिवसांत परत येऊन मिळणारे आखूड फाटे.

ह्यात शहाणपण आहे. फाटा जितका लांब जातो, तितका मुख्य रस्ता बदलत राहतो आणि परतीचा संगम अवघड होतो. मुंबईला गेलेला भाऊ महिन्याला घरी येत असला तर घरातल्या गोष्टी त्याला ठाऊक असतात. दहा वर्षांनी आला तर त्याला गोठ्याची जागासुद्धा विचारावी लागते.

चित्र काढतानाही दोन पथ्ये पाळा. मुख्य रेघ सरळ ठेवा. प्रत्येक माणसाला एक रंग द्या. कागदावरचे चित्र जिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागते, तिथे बहुधा कामाची रीतही तशीच गुंतलेली असते.

हे आपल्याला नवे नाही

शेवटी एक सांगायचे. यंत्र नवे असले तरी हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरवल्या गेल्या, आणि उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. आदिपर्वाचे संपादक डॉ. वि. सी. सुकथनकर ह्यांनी १९३३ मध्ये त्या पर्वाच्या पाठांचा वंशवृक्षच काढून दाखवला: उत्तरेकडची शाखा, दक्षिणेकडची शाखा आणि त्यांना फुटलेले फाटे. एखादा श्लोक एका पोथीत आहे आणि दुसरीत नाही. मग तो मागून घातला की गळाला? त्यांचा प्रश्न आपल्या गुरुजी-बाईंच्या ओळीसारखाच होता. फरक एवढाच की त्यांच्या हाती ‘ख’ नव्हता. पोथी उतरवणारे दोन पोथ्या समोर ठेवून पाठ मिसळीत, आणि त्या संगमाची नोंद कुणी केलेली नसे. हरवलेला समाईक पूर्वज पंडितांना अनुमानाने उभा करावा लागला. त्या कामी कित्येकांचे आयुष्य गेले.

त्या पोथ्यांवर ‘कुणावरून उतरली, काय बदलले आणि का’ एवढी एक ओळ असती, तर किती श्रम वाचले असते!

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात संगणक नसला तरी हा पाठ अडत नाही. गावाच्या माहितीचा एक उतारा घ्या. मुलांचे दोन गट करा. दोघांना तोच उतारा देऊन निरनिराळ्या दुरुस्त्या करू द्या, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली नाव, तारीख व कारण लिहायला लावा. मग मूळ उतारा मधोमध ठेवून दोन्हींचा संगम करायला सांगा. फळ्यावर गोल आणि बाण काढत जा. एखाद्या ओळीवर दोन्ही गट अडून बसतील. तिथे घाई करू नका. ‘तुम्हाला काय साधायचे होते?’ एवढेच विचारा. तिसरी, दोघांच्याही ओळीपेक्षा चांगली ओळ मुले आपण होऊनच लिहितील.